शाळेबाहेर विद्यार्थ्यांशी वागताना शिक्षकांनी या चुका टाळाव्यात

नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांच्या हातून शाळेबाहेर होणाऱ्या चुका दरवर्षी त्याच असतात आणि त्यांची झळ बहुतेक वेळा शिक्षकाआधी मुलालाच लागते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. यातील बहुतेकांचा हेतू वाईट नसतो. त्यांना मुलांमध्ये लवकर प्रिय व्हायचे असते. वर्गाचा विश्वास बसायला एखाददुसरे शैक्षणिक वर्ष जावे लागते, तेवढा धीर त्यांच्यापाशी नसतो, आणि मग ते मुलांचे मित्र होण्याचा जवळचा मार्ग धरतात. मुलांना मित्र वर्गातच भरपूर असतात. शिक्षकाने मोठ्या माणसासारखे वागावे, एवढीच त्यांची गरज असते, असे माझे ठाम मत आहे.

शिवाय ज्याचा हेतू खरोखरच वाईट असतो, तोही सुरुवात याच गोष्टींनी करतो: रात्रीचे मेसेज, एखादी भेटवस्तू, गाडीवरून घरी सोडणे, ‘हे आपल्यातच ठेव’ असे सांगणे. चांगल्या शिक्षकांनी या गोष्टी सर्रास केल्या, तर वाईट माणूस त्यांच्या गर्दीत सहज लपतो आणि मुलालाही काही वेगळे चालले आहे असे वाटत नाही. त्यामुळे नियम सर्वांना सारखाच असावा. पालकांना आणि मुख्याध्यापकांना जे त्याच वेळी माहीत असेल, तेवढाच संपर्क ठेवावा.

मुलाशी थेट, खासगी मेसेजवर बोलणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे. आमच्या तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गणिताचे एक तरुण सर होते. शिकवण्यात हुशार आणि स्वभावाने सरळ. नववीतील एका मुलीने रात्री साडेनऊच्या सुमारास वहीचे पान मोबाइलवर पाठवून उदाहरण कुठे अडले ते विचारले आणि सरांनी ते सोडवून पाठवले. पुढे उदाहरणे मागे पडली आणि घरच्या गोष्टी सुरू झाल्या. शिक्षण थांबवण्याचे बोलणे घरात चालले होते आणि मुलीला ते दुसऱ्या कुणापाशी बोलता येत नव्हते. सरांनी तिला धीर दिला, आणि ‘घरच्यांना कळू नये म्हणून मेसेज पुसून टाकत जा’ असे सुचवले. त्यांना तिचा त्रास कमी करायचा होता, पण नेमक्या याच सूचनेने सगळे बिघडले.

तो फोन तिच्या वडिलांचा होता. ग्रामीण भागात मुलांच्या हाती असलेला फोन बहुधा घराचा असतो, हे शहरातून आलेल्या शिक्षकांच्या ध्यानातच येत नाही. मोठ्या भावाने सरांचे नाव उघडले तेव्हा त्याला मजकूर दिसला नाही. दिसल्या त्या फक्त मेसेज काढून टाकल्याच्या ओळी, एकाखाली एक, बहुतेक रात्री दहानंतरच्या. त्या रिकाम्या जागांत त्याने मनाला येईल ते भरले. दुसऱ्या दिवशी शाळेसमोर माणसे जमली. मी त्या वेळी शेजारच्या शाळेत मुख्याध्यापक होते आणि समजूत घालायला बोलावलेल्यांमध्ये होते, म्हणून ती बैठक मी जवळून पाहिली. सरांनी शेवटी सगळी हकिगत खरी सांगितली, पण दाखवायला त्यांच्याकडे एकही मेसेज उरला नव्हता. त्यांची बदली झाली. मुलीची शाळा मात्र सुटली आणि तिने दहावीची परीक्षा पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. ज्या शिक्षणासाठी ती बोलत होती, ते नेमके त्या बोलण्यामुळे तुटले.

माझी सवय साधी आहे. वर्गाच्या ग्रुपमध्ये पालकांचे क्रमांक असतात, मुख्याध्यापक दुसरे अ‍ॅडमिन असतात आणि संध्याकाळी सातनंतर मी तिथे काहीही टाकत नाही. एखाद्या मुलाने मला थेट विचारलेच, तर ‘उद्या परिपाठानंतर वही घेऊन ये’ एवढेच उत्तर देते आणि तो मेसेज पुसत नाही. रात्री साडेनऊला अडलेले उदाहरण सकाळपर्यंत थांबले म्हणून कुणाचे गणित कच्चे राहिलेले मी पाहिलेले नाही.

‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देणे

मूल जवळ येऊन ‘बाई, कुणाला सांगणार नाही ना?’ असे विचारते, तेव्हा घाईने ‘नाही’ म्हणून टाकणे ही दुसरी मोठी चूक आहे. पुढे ते काय सांगणार आहे, हे त्या क्षणी ठाऊक नसते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या कर्मचाऱ्याबाबतची माहिती दडवली तर ती एक वर्षापर्यंत जाते. शाळेची बदनामी नको म्हणून प्रकरण आपापसात मिटवू पाहणाऱ्या संस्थाचालकांनी हे कलम एकदा स्वतः वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अशा वेळी मी मुलाला सांगते, ‘तू मला सांगितलेस हे फार चांगले केलेस. मी तुला मदत करीन, पण त्यासाठी जी माणसे हे थांबवू शकतात त्यांना मला सांगावे लागेल.’ हे ऐकून एखादे मूल गप्प होते. तरीही खोटे वचन देऊन नंतर मोडण्यापेक्षा ते बरे, कारण वचन मोडले की ते मूल पुन्हा कुणाही मोठ्या माणसापाशी तोंड उघडत नाही. ते बोलले, तर त्याचेच शब्द तारीख आणि वेळेसह लिहून ठेवावेत. खोदून खोदून विचारू नये, ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला बोलावून समोरासमोर आणू नये, आणि शिक्षककक्षात चहाबरोबर तो विषय काढू नये. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. तो क्रमांक शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असतो, पण तो लावायचा कधी हे निम्म्या शिक्षकांना सांगता येत नाही.

गाडीवरून एकट्या मुलाला सोडणे

पाऊस असतो, शेवटची एसटी चुकलेली असते आणि थांब्यावर एकच मुलगी उभी असते. इथे दोन टोकांच्या चुका होतात. एक जण तिला मागे बसवून निघतो, दुसरा ‘उगाच लोक बोलतील’ म्हणून मान वळवून पुढे जातो. मला दुसरी चूक अधिक खटकते. थांब्यावर तिच्याजवळ थांबावे, तिच्यासमोर घरी फोन करावा, मुख्याध्यापकांना कळवावे आणि घरचे माणूस किंवा ओळखीची बाई येईपर्यंत हलू नये. अर्धा तास भिजायला लागले तरी चालेल. हे मुलांच्या बाबतीतही तितकेच लागू आहे. मुलगा आहे म्हणून काळजी नको, हा समज चुकीचा आहे, कारण पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी यांत फरक करत नाही.

जिल्हास्तरीय कबड्डीला किंवा सहलीला मुली असतील, तर शिक्षिका बरोबर हवीच. मुक्कामाच्या खोलीत शिक्षकाने मुलांबरोबर झोपू नये.

बाकीच्या काही चुका

घरी शिकवणी घेऊ नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २८ शिक्षकांच्या खासगी शिकवणीला मनाईच करते. शिष्यवृत्तीचा जादा तास शाळेत, दार उघडे ठेवून घ्यावा. मुलांकडून घरची भांडी, भाजी, दळण अशी कामे करून घेऊ नयेत. हा प्रकार अजून संपलेला नाही आणि त्यासाठी कुणाच्या घरची मुले निवडली जातात हे गावात सर्वांना दिसते. गुरुपौर्णिमेला फूल घ्यावे, पाकीट घेऊ नये. पालकांकडून हातउसने पैसे घेऊ नयेत. विद्यार्थ्यांचे फोटो स्वतःच्या स्टेटसवर ठेवू नयेत आणि इन्स्टाग्रामवर त्यांना फॉलो करू नये.

दहावीचा निकाल लागला म्हणजे हे सगळे नियम संपले, असे समजणारेही भेटतात. ते मूल तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे असते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अजून बालकच असते, आणि शिक्षकाचा शब्द त्याच्यावर पूर्वीइतकाच चालतो. माजी विद्यार्थ्याने भेटायचे म्हटले, तर मी त्याला शाळेतच, मधल्या सुट्टीत बोलावते.