पाळकांना हिशोब विचारायचाय पण प्रार्थना सोडायची नाहीये? मग असं करा

आमच्या धुळे-नंदुरबार साईडला मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कोणी पाळकांना (पास्टरांना) अर्पणाचा, म्हणजे लोकांनी दिलेल्या पैशांचा, हिशोब विचारला ना, की पुढच्या रविवारपर्यंत सगळीकडे झालेलं असतं की याचा विश्वास थंड पडला. माझं पण झालं. नाताळच्या मंडपवाल्याला किती दिले एवढंच विचारलं होतं भो, आणि साक्रीची मावशी फोनवर म्हणे, तुले काय करनं शे, तू प्रार्थना कर ना. तेव्हा कळलं की लोकांच्या डोक्यात प्रश्न विचारणारा वेगळा आणि प्रार्थना करणारा वेगळा. आपल्याला दोन्ही करायचंय, म्हणून मी जे करून बघितलं ते सांगतो.

सगळ्यात आधी घरची प्रार्थना पक्की करा, हिशोबाचं नंतर. कारण तुमची सगळी भक्ती जर रविवारच्या दोन तासांवरच चालत असेल तर पाळकांशी वाजलं की देवाशी पण वाजल्यासारखं वाटतं आणि माणूस एकतर गप्प बसतो नाहीतर सगळंच सोडून देतो. सकाळी वीस मिनिटं काढा. बायबलमधल्या मार्कपासून सुरू करा, १६ अध्याय आहेत, रोज एक म्हटलं तरी दोन-अडीच आठवड्यात होतो. अहिराणीत, मावचीत, जी घरची भाषा असेल तिच्यात प्रार्थना करा, व्यासपीठावरची पुस्तकी मराठी घरी लागत नाही. आणि दोन वह्या ठेवा, एक प्रार्थनेची, एक हिशोबाची, एकीतलं दुसरीत लिहायचं नाही. मी सुरुवातीला आमोस, म्हणजे अन्यायावर कडक बोलणाऱ्या संदेष्ट्याचं पुस्तक, वाचायला घेतला आणि प्रत्येक ओळीला आमच्या कमिटीचा एकेक चेहरा दिसायला लागला, ती भक्ती नव्हतीच, दारूगोळा जमवत होतो. बंद केलं, स्तोत्रसंहिता काढली.

मग तक्रार कसली आहे ते बघा. कीबोर्डचा आवाज मोठा, उपदेश लांबतो, पुढच्या बाकावर ठरलेलीच माणसं, हे सोडून द्या. पैसे, जमीन, निवडणूक न घेता वर्षानुवर्षं तीच कमिटी, हे विचारायचं. आणि लहान मुलांशी कोणी वाईट वागलं असेल तर तो मंडळीत मिटवायचा विषयच नाही, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात माहिती असून न कळवणं हाच गुन्हा आहे, सरळ पोलीस नाहीतर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. तिथे "मंडळीचं नाव खराब होईल" म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही, तो सख्खा काका असला तरी.

पैशाचं विचारायचं कसं? मत्तय १८ मध्ये पायऱ्या दिल्यात, आधी एकट्यात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. तिथे विषय भावाच्या अपराधाचा आहे, पण हिशोबालाही हीच चाल बरी पडते. उपासना सुटल्यावर दारात हात मिळवताना विचारू नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच नाही. एक पानाचं पत्र, त्यात एकच प्रश्न, तारीख टाकून, आणि पोच घ्या. तरी नाही मिळालं तर मंडळी ट्रस्ट म्हणून नोंदलेली आहे का बघा, बऱ्याच असतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंद असेल तर हिशोबाचं ऑडिट आणि विश्वस्त बदलले की बदल अर्ज, दोन्ही धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात द्यावं लागतं. नकला मागायला अर्ज करता येतो, भांडायची गरज नाही.

आता उत्तर काय येणार ते आधीच सांगतो: "प्रभूच्या अभिषिक्ताला हात लावू नका." अभिषिक्त म्हणजे देवानं नेमलेला. नव्व्याण्णव टक्के हेच. तर दावीद गुहेत अभिषिक्त राजा शौलाला मारत नाही हे खरं, पण १ शमुवेल २४ पुढे वाचा ना, तो बाहेर येऊन झग्याचा कापलेला काठ हातात धरून शौलाला हाक मारून सगळं विचारतो. आणि त्याच दावीदाला, म्हणजे अभिषिक्तालाच, पुढे त्यानं पाप केल्यावर नाथान संदेष्टा तोंडावर सांगतो की तो पापी माणूस तूच. अंत्युखियात पौलानं पेत्राला तोंडावर विरोध केला. वर्गणीच्या पैशाचं तर पौल २ करिंथ ८ मध्ये स्वतःच म्हणतो की कोणी दोष देऊ नये म्हणून काळजी घेतोय, नुसतं देवापुढे नाही तर माणसांपुढे पण. हे शांत आवाजात सांगा, वचन फेकून मारू नका.

एक अडचण आपल्याकडची खास आहे. नवापूर पट्ट्यात डीलिस्टिंगचं, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा या मागणीचं, वातावरण, त्यात तुमचं बोलणं उचलून बाजारात कोणीतरी म्हणणार बघा यांचेच लोक काय बोलतात. म्हणून कागद हातात असेल तेवढंच बोला, जिथे बोलायचं तिथेच बोला. पण या भीतीपोटी गप्प बसा असं म्हणणाऱ्यांचा हिशोब आधी तपासा, हे माझं मत.

आणि नाहीच जमलं तर? ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्त नाही सोडला, १९१९ मध्ये गेले तोवर त्याच्याच मागे होते. पंडिता रमाबाईंचा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर तिथल्याच चर्चवाल्यांशी पत्रांतून वाद घालत होत्या. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाला हे काही नवीन नाही. दुसऱ्या मंडळीत जा, थोडे महिने घरीच बसा, चालतं. फक्त जाताना कोणाला तरी सांगून जा, गुपचूप गायब झालात तर तुमच्या बाजूची गोष्ट दुसरंच कोणीतरी सांगतं.

मी गेलो नाही. तिसऱ्या बाकावर पंख्याखालीच बसतो. पत्राला दोन महिने लागले पण मंडपवाल्याचं बिल दाखवलं, आणि बिल एकदम बरोबर होतं, मी सगळ्यांसमोर तसं सांगितलं पण. मावशी खूश. आता तीच विचारतेय की मग जनरेटरचं कुठे शे.