नवा क्लच बसवूनही गिअर पडत नाही? गिअरबॉक्स परत उतरवण्याआधी या चुका तपासा

नवी क्लच प्लेट, नवी प्रेशर प्लेट, नवं रिलीज बेअरिंग. चार तास राबून गिअरबॉक्स चढवला, इंजिन चालू केलं, पेडल दाबून रिव्हर्स टाकायला गेलो आणि कर्रर्र आवाज. शेडमधलं कुणीतरी लगेच म्हणतं, "दादा, प्लेट उलटी बसली, उतरवा परत." भोसरीत रेसच्या गाड्यांवर काम करताना हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता पहिलं उत्तर एकच देतो: पाना खाली ठेव, आधी मोजू.

पहिली चूक म्हणजे तक्रार नीट न ओळखणं. क्लच सुटत नाही (पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही) आणि क्लच धरत नाही (पाय वर असूनही घसरतो), ही दोन वेगळी दुखणी आहेत. इंजिन गरम करा, आयडलवर ठेवा, पेडल पूर्ण दाबून दहापर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणारी कडी) नसतो, त्यामुळे तो खरं बोलतो. आवाज आला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. आता पेडल दोन-तीनदा पटापट मारून परत टाकून बघा. या वेळी गपगुमान पडला तर गिअरबॉक्सला हात लावू नका, क्लचच्या तेलाच्या लाइनमध्ये हवा आहे किंवा पेडलचा प्ले (मोकळी चाल) जास्त आहे. आधी व्यवस्थित पडतो, पण पेडल दाबून धरल्यावर अर्ध्या मिनिटात गाडी सरकायला लागते? मग मास्टर सिलिंडरचं (पेडल ज्यातलं तेल दाबतं त्याचं) सील आतून तेल सोडतंय.

आणखी एक तपासणी फुकटात होते. एकाला पेडल दाबायला बसवा आणि तुम्ही बॉनेट उघडून फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) बघा. जुन्या रॅलीच्या गाड्यांत पेडलच्या माउंटिंगजवळचा पत्रा तडकलेला असतो आणि कडक प्रेशर प्लेट टाकली की तो पोटासारखा फुगतो. पायाची निम्मी हालचाल तिथेच संपते, मग बिचारा क्लच सुटणार कसा?

पुशरॉडने खाल्लेली प्लेट

आता धरत नाही या बाजूला येऊ, कारण इथे मी स्वतः एक अख्खी प्लेट जाळलीय. एका हॅचबॅकला नवा पेडल बॉक्स आणि नवा क्लच एकदमच बसवला होता. थंड गाडी छान पळायची. तिसऱ्या लॅपनंतर चौथ्या गिअरमध्ये आरपीएम चढायचे, वेग मात्र तिथेच. गिअरबॉक्स उतरवला, फ्लायव्हीलवर निळे डाग दिसले. प्लेट खराब निघाली असं ठरवून दुसरी टाकली. पुन्हा तिसऱ्या लॅपला तेच.

दुसऱ्या खेपेला गाडी घसरत असतानाच आत आणली आणि स्लेव्ह सिलिंडरची (त्याच तेलाच्या दाबाने क्लच ढकलणाऱ्या सिलिंडरची) हवा काढायची निप्पल सैल केली. तेलाची बारीक चिळकांडी उडाली आणि त्याच क्षणी क्लचने घट्ट धरलं. मास्टर सिलिंडरचा पुशरॉड (पेडलने पिस्टन ढकलणारा दांडा) जेमतेम दोन मिलिमीटर लांब राहिला होता. पेडल सोडलं तरी पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता, टाकीकडे परतायचं भोक बंद राहत होतं. इंजिनच्या उष्णतेने तेल फुगलं, की त्याला जायला जागाच नाही, ते रिलीज बेअरिंग ढकलत राहायचं. म्हणजे पाय वर असूनही क्लच थोडासा दाबलेलाच. पुशरॉड आणि पिस्टनमध्ये बोटाला जाणवेल इतका, साधारण एक मिलिमीटरचा प्ले हवाच. केबलवाल्या जुन्या जिप्सीत केबल फार ताणली तरी हेच होतं.

मास्टर सिलिंडर बदलताना त्याचा बोअरही बघा. पेडल हलकं व्हावं म्हणून कुणी १९.०५ मिलिमीटरच्या जागी १५.८७ चा सिलिंडर बसवतं. पिस्टन २५ मिलिमीटर सरकला तर मोठा सुमारे ७.१ मिलीलिटर तेल ढकलतो, लहान ४.९. पाय हलका झाला, पण बेअरिंगची चाल जवळपास एक तृतीयांशाने घटली. मग दिवसभर हवा काढत बसलात तरी गिअर पडणार नाही.

याच्या उलट चूकही तितकीच महागात पडते. १८४ मिलिमीटरच्या छोट्या रेसिंग क्लचला सुटायला अगदी थोडी चाल लागते. पेडलला स्टॉप नसेल तर ड्रायव्हर पाय पार टेकवतो आणि डायफ्रामची (प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची) बोटं मर्यादेपलीकडे वाकतात. रिव्हर्स स्वच्छ पडतो तिथून किंचित पुढे पेडल थांबेल असा स्टॉपचा बोल्ट लावा. माझ्या मते स्टॉप न लावता रेसिंग क्लचची गाडी शेडबाहेर काढूच नये.

उतरवावाच लागला तर

बाहेरचं सगळं ठीक निघालं, तरच गिअरबॉक्स खाली घ्या. मग पहिला संशय चढवण्याच्या पद्धतीवर. इनपुट शाफ्ट प्लेटमध्ये अर्धवट शिरलेला असताना गिअरबॉक्स क्षणभर जरी लटकू दिला, तरी त्याचं सगळं वजन प्लेटच्या हबवर येतं आणि प्लेट वाकते. अशी वाकलेली प्लेट डोळ्याला दिसत नाही, डायल गेजवर दिसते. बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या क्लच झाकणाऱ्या तोंडाचे) बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेणं हाही तोच अपराध. गिअरबॉक्स इंजिनशी सरळ रेषेत ठेवणाऱ्या दोन्ही डॉवेल पिना जागेवर आहेत ना, तेही बघा. जुन्या इंजिनात त्या हटकून हरवलेल्या असतात आणि मग गाडी सुटताना थरथरते.

फ्लायव्हील लेथवर देताना तो सपाट आहे की पायरीचा, हे टर्नरकाकांना स्पष्ट सांगा. पायरीच्या फ्लायव्हीलला घासणाऱ्या पृष्ठभागावरून अर्धा मिलिमीटर काढला, तर प्रेशर प्लेट बसते त्या कडेवरूनही तेवढाच काढावा लागतो. नाहीतर दाब कमी पडतो आणि नवीन क्लच स्लिप मारतो.

प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू छापलेली असते, ती वाचा. नव्या प्रेशर प्लेटला गंज लागू नये म्हणून चोपडलेलं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. शाफ्टच्या स्प्लाइनला (दात्यांना) ग्रीस अगदी पुसटसं, तेही प्लेट बनवणाऱ्याने लावायला सांगितलं असेल तरच. इनपुट शाफ्टचं टोक पेलणारं पायलट बेअरिंग हाताने फिरवून बघा. ते जाम असेल तर क्लच पूर्ण सुटूनही शाफ्ट फिरतच राहतो आणि लक्षण हुबेहूब पहिल्यासारखं दिसतं.

पुण्याच्या पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने झाकून ठेवली असेल, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. शिवाय क्लचच्या लाइनमधलं ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं, म्हणून सीझनच्या आधी ते पूर्ण बदला.

कॉलेजच्या फॉर्म्युला टीममधल्या मुलांचा प्रश्न वेगळा. त्यांच्या गाडीत बरेचदा मोटरसायकलचं इंजिन असतं, आपल्या चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० सारखं, आणि त्याचा क्लच तेलात बुडालेला. नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवा आणि जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीचा जपानी दर्जा) दर्जाचंच तेल भरा. घर्षण कमी करणारी द्रव्यं असलेलं कारचं तेल टाकलं, तर नव्या प्लेटाही घसरतात.

पहिल्या दिवशी नवीन क्लचवर थेट लाँच मारू नका. बनवणाऱ्याने सांगितलं तसं आधी हळूहळू चालवून रुळवून घ्या. सिंटर्ड (धातूच्या भुकटीच्या) प्लेटची गाडी चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अर्ध्या क्लचवर रांगवू नका, ट्रेलरवर न्या. संध्याकाळी गाडी थंड झाली की प्ले परत मोजा. नेहमीच्या ढकलून सुटणाऱ्या क्लचमध्ये प्लेट झिजते तशी डायफ्रामची बोटं बेअरिंगकडे सरकतात. सकाळी बरोबर असलेला प्ले संध्याकाळी कमी भरला, तर दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर जाण्याआधी तो पुन्हा लावून घ्या.