व्हिडिओ मुलाखत: आधी आवाज सांभाळा

व्हिडिओवर मुलाखत आहे म्हटलं की मुलं आधी शर्टाला इस्त्री करतात. माझं सांगणं, आधी आवाजाचं बघा. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं भरतीचं काम पाहिलं आणि २०२० नंतर पहिली फेरी बहुतेक वेळा स्क्रीनवरच घेतली. चित्र जरा अंधुक असेल तर समोरचा चालवून घेतो. पण दर दोन वाक्यांनी ‘पुन्हा सांगता का?’ म्हणावं लागलं की तो थकतो. त्या दिवसातला तुम्ही त्याचा पाचवा-सहावा उमेदवार असता. उत्तर कितीही हुशारीचं असलं तरी ते कानापर्यंत पोचलंच नाही, तर गुण कशाला देणार?

आमच्या इंदुरात व्यत्यय कुठून येणार हे ठाऊक असतं. सकाळी नगर निगमची कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते. ती तुमच्याकडे किती वाजता येते ते बघा आणि वेळ निवडायची मुभा असेल तर ती घटका टाळा. दुसरा कूलर. मे महिन्यात त्याच्याशिवाय बसवत नाही, कबूल. पण त्याची घरघर माइक इमानेइतबारे पुढे पाठवतो. तासभर आधी खोली गार करून घ्या, मुलाखतीपुरता कूलर बंद करा आणि पंखा मंद ठेवा. कुकर अकराच्या आत उतरवायचा की बारानंतर लावायचा, हे आईशी आदल्या रात्रीच ठरवून टाका. रामबागेसारख्या भागात घराला घर लागून असेल, तर शेजारच्या काकूंच्याही कानावर घाला. मुलाच्या नोकरीसाठी टीव्ही बारीक करायला नाही म्हणणारी काकू मी तरी पाहिलेली नाही.

खोली निवडताना गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली निवडा. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो. इअरफोन शक्यतो वायरचे घ्या. ब्लूटूथच्या बऱ्याच इअरफोनमध्ये माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा घसरतो, कारण ऐकणं आणि बोलणं दोन्ही एकाच मर्यादित जोडणीतून जातं. वर ऐन वेळी चार्जिंग संपण्याची धास्ती. आदल्या दिवशी, मुलाखतीच्याच वेळेला, मैत्रिणीला किंवा मित्राला व्हिडिओ कॉल लावा, तो रेकॉर्ड करा आणि डोळे मिटून ऐका. शेवटचे शब्द गिळले जात असतील तर ते तिथेच कळतं.

इंटरनेटचा वेग सहसा पुरेसा असतो. झूमवर दोघांच्याच कॉलला ७२०पी चित्रासाठी साधारण १.२ एमबीपीएस लागतात, आणि तेवढे बहुतेक घरांत मिळतात. त्रास होतो तो वेग मध्येच खाली-वर होण्याचा. ५ गिगाहर्ट्झचा वायफाय जाड भिंतींतून नीट जात नाही, म्हणून राउटरच्या खोलीत बसा किंवा सरळ लॅन केबल जोडा. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. वीज गेली तर तो इन्व्हर्टरवर चालतो का, हे मेन स्विच बंद करून पाहून ठेवा. मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला आधीच एकदा जोडलेला असू द्या. बोलावणाऱ्याचा फोन नंबर कागदावर लिहून जवळ ठेवा. कॉल तुटलाच तर परत जोडा, ‘क्षमा करा, लाइन गेली होती, मी अमुक मुद्द्यावर होतो’ एवढं म्हणा आणि पुढे चला. पाच मिनिटं माफी मागत बसू नका.

आता एक गोष्ट, जिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. आवाज पोचायला नेहमी किंचित उशीर लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर तो बहुधा जाणवत नाही. त्याहून वाढला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर चढू लागतात. म्हणून प्रश्न संपला की एक श्वास थांबा, मग बोला. आपल्याकडे समोरचा बोलत असताना ‘जी सर, जी सर’ म्हणायची फार सवय. समोरासमोर ती अदब वाटते; व्हिडिओवर त्या ‘जी’मुळे सरांचाच शब्द कापला जातो. मान हलवा, तेवढं पुरतं.

कॅमेऱ्याचं थोडक्यात: खिडकी समोर हवी, पाठीशी नको. लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवून भिंग डोळ्यांच्या उंचीवर आणा आणि ते पुसा. मागे साधी भिंत बरी; देवघर दिसलं तरी कोणी गुण कापत नाही. ऐकताना चेहऱ्याकडे बघा, बोलताना भिंगाकडे. समोरच्याची चौकट ओढून कॅमेऱ्याच्या अगदी खाली आणली की हे सोपं जातं. स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट मात्र लपवा. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची कारणं मांडली, त्यात सतत स्वतःला बघत राहणं हे एक होतं. केस सारखे करण्यात गुंतलेल्या मुलीचं अर्धं लक्ष प्रश्नावर नसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं, कारण मुलगी हुशार असायची.

उत्तरांची तयारी मात्र वेळ काढून करा. ‘मी मेहनती आहे, टीममध्ये चांगलं काम करतो’ हे दिवसभरात सगळेच म्हणतात. त्याऐवजी घडलेली गोष्ट सांगा: अडचण काय होती, तुम्ही नेमकं काय केलंत, पुढे काय झालं. ‘ट्रेनिंगमध्ये एका पार्टवर चरे पडत होते. मी तिन्ही पाळ्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. चरे फक्त रात्रपाळीत होते, कारण तिथे वेगळा ट्रे वापरत होते. ट्रे बदलल्यावर तक्रार थांबली.’ असं उत्तर देणाऱ्याला मी लगेच पुढचा प्रश्न विचारायचे. दोन मिनिटांत बसतील अशा चार-पाच गोष्टी मोठ्याने बोलून तयार करा. कॅमेऱ्याशेजारी चिठ्ठी लावायची तर प्रत्येक गोष्टीचा एकच शब्द लिहा. पूर्ण उत्तर वाचलं की डोळे ओळीवरून सरकतात आणि आवाज सपाट होतो; समोर ते लगेच कळतं. स्क्रीनवर एआयकडून आलेलं उत्तर वाचणाराही असाच पकडला जातो: ‘पण ट्रेच का तपासलात?’ एवढं विचारलं की पुरे.

मुलाखत पुण्याच्या कंपनीची असेल तर समोरचा मध्येच मराठीत वळतो. तुमच्या मराठीत हिंदी शब्द येतील, येऊ द्या. आपण इंदूरचे आहोत. कामाचा प्रश्न इंग्रजीत आला की उत्तर इंग्रजीत द्या. अमेरिकेतून बोलावणं असेल तर तिथलं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातं हे ध्यानात ठेवा. न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा.

काही ठिकाणी समोर माणूसच नसतो. प्रश्न स्क्रीनवर येतो आणि उत्तर रेकॉर्ड होतं. यंत्र चेहरा वाचतं म्हणून मुलं ओढूनताणून हसत राहतात. अशा मुलाखती घेणाऱ्या हायरव्ह्यू कंपनीने चेहऱ्याचं विश्लेषण बंद केल्याचं २०२१ मध्येच जाहीर केलं. तुमचे शब्द स्पष्ट आणि वेळेत बसतील एवढं बघा. सरावाचा प्रश्न दिला असेल तर तो सोडू नका.

कोणी मुलाखतीसाठी, लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी किंवा ऑफर लेटरसाठी पैसे मागितले तर तिथेच थांबा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.

कॉल संपल्यावर लगेच उठू नका. आधी माइक आणि कॅमेरा खरंच बंद झालेत का ते बघा, मग विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवा, विशेषतः जिथे अडखळलात ते. दुसऱ्या फेरीत त्यातलेच एक-दोन पुन्हा येतात. त्याच संध्याकाळी तीन-चार ओळींची आभाराची मेल पाठवा आणि राहून गेलेला एखादा मुद्दा त्यात एका वाक्यात लिहा.