मंडळाच्या टी-शर्टवरचं नाव धुण्यात टिकवायचं तर

गणपतीच्या आधी पंधरा दिवस माझ्याकडे टी-शर्टांचे गठ्ठे येऊ लागतात. पुढे मंडळाचं चिन्ह, पाठीवर कार्यकर्त्याचं नाव, सगळं विनाइलमध्ये, म्हणजे मागे गोंद असलेल्या, इस्त्रीने चिकटणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या शीटमध्ये. एका वर्षी विसर्जनानंतर आठवड्याभरात बारा टी-शर्ट परत आले. कुणाच्या नावावरचा अनुस्वार गेला होता, कुणाच्या वेलांटीचं टोक सुटलं होतं. तेव्हापासून हे काम मी ठरलेल्या क्रमानेच करते. धुण्यात जे सुटतं ते बहुतेक वेळा आधी नीट बसलेलंच नसतं.

सुरुवात कापडापासून. नव्या कापडावर खळ असते आणि तिच्यावर गोंद धरत नाही, म्हणून टी-शर्ट आधी एकदा साध्या पावडरने धुऊन कडकडीत वाळवून घ्या. कपडे मऊ करणारं लिक्विड मात्र अजिबात नको. त्याचा थर धाग्यावर राहतो. कापड कोणतं तेही लेबलवर बघा. सुतीला साधारण 150 ते 160 अंश सेल्सिअस चालतं; पॉलिएस्टर जर्सीला 130 ते 140 च्या आसपास ठेवावं लागतं, नाहीतर चकाकी पडते किंवा जर्सीचा रंग पांढऱ्या विनाइलमध्ये चढतो. नेमका आकडा विनाइलच्या रोलसोबतच्या कागदावर असतो. तोच खरा मानायचा.

आता अक्षरं, कारण मराठी नावांचं खरं दुखणं इथे आहे. शिरोरेषेने जोडलेला शब्द एका तुकड्यात कापला की छान टिकतो. पण कापायच्या मशीनला देण्याआधी संगणकावर अक्षरं एकमेकांत मिसळून घ्यायला हवीत, नाहीतर पातं प्रत्येक जोडावर शिरोरेषा तोडतं आणि तितकी सुटायला तयार टोकं होतात. अनुस्वार आणि नुक्ता सुटेच राहतात. ते मी चार मिलिमीटरपेक्षा लहान ठेवत नाही, मग दिसायला थोडे ठळक वाटले तरी चालतील. बारीक टोकाचे फॉन्ट पत्रिकेवर शोभतात. टी-शर्टला जाड, गोल कोपऱ्याचं अक्षर घ्या. आणि अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी करून कापायला विसरू नका.

भाद्रपदातली हवा दमट, आणि सुती कापड ती ओल पिऊन बसतं. म्हणून विनाइल ठेवण्याआधी रिकामा टी-शर्ट हीट प्रेसमध्ये, म्हणजे तापवून दाबणाऱ्या मशीनमध्ये, पाच-सहा सेकंद दाबून घ्या. कधी कधी वाफ निघताना दिसते. शिवण किंवा बटण दाबाखाली येऊ देऊ नका, तिथे दाब चुकतो. मग विनाइल ठेवून दहा ते पंधरा सेकंद दाबा. घरच्या इस्त्रीने करत असाल तर टाकीतलं पाणी काढून टाका, वाफ बंद ठेवा आणि गादीऐवजी टेबलावर पातळ चादर अंथरा. इस्त्री फिरवायची नाही. अंगाचा भार देऊन एका जागी दाबायची, उचलायची, शेजारी ठेवायची. वाफेच्या भोकांखाली उष्णता कमी पोचते, म्हणून दुसऱ्या वेळी थोडी सरकवून पुन्हा दाबा.

विनाइलवरची पारदर्शक फिल्म गरम असताना काढायची की गार झाल्यावर, हे रोलवर लिहिलेलं असतं. ती काढल्यावर टेफ्लॉन शीट (उष्णता सोसणारी, न चिकटणारी शीट) किंवा पातळ सुती कापड ठेवून आणखी पाच सेकंद दाबा. मग उजेडात तिरपं धरून बघा: कापडाची वीण विनाइलवर उमटलेली दिसली तर काम झालं. गुळगुळीत दिसलं, किंवा नखाने कडा हलली, तर पुन्हा दाबा.

त्यानंतर निदान 24 तास पाणी लागू देऊ नका. मंडळाला टी-शर्ट दोन दिवस आधी द्यायचे ते यासाठीच.

पहिलं धुणं सहसा गुलालाचं असतं, आणि गरम पाणी, ब्रश, दगडावर आपटणं हे सगळं त्याच दिवशी होतं. गुलाल आधी कोरडाच झटका. मग टी-शर्ट उलटा करून नळाच्या साध्या पाण्यात, सौम्य पावडरने हाताने चोळा. रात्रभर भिजत ठेवू नका, ब्लीच घालू नका. पिळण्याऐवजी दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा. इस्त्री आतल्या बाजूने. एवढ्या चार ओळी छापलेली चिठ्ठी आता मी प्रत्येक टी-शर्टच्या घडीत ठेवते.

तरी एखादा कोपरा उचललाच, तर ओढू नका. पूर्ण वाळू द्या, वर कापड ठेवून पंधरा सेकंद दाबा. आत साबण किंवा धूळ गेली असेल तर तो धरणार नाही. मग तेवढं अक्षर काढून नवं लावायचं.