भाडेकरूंसाठी वेगळं इंटरनेट जोडताना या चुका टाळा

नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरात आमच्या घरात खाली आम्ही राहतो आणि वर दोन बिऱ्हाडं. "काकू, नेटचा पासवर्ड देता का?" हा प्रश्न सामान वर चढायच्या आधीच येतो. पहिली चूक तिथेच होते, कारण आपण पासवर्ड सांगून मोकळे होतो. एका वाय-फायवरच्या वस्तू सहसा एकमेकींना दिसतात. वरच्या मुलीने लावलेला व्हिडिओ एकदा आमच्या बैठकीतल्या टीव्हीवर सुरू झाला, तेव्हा मला हे कळलं. प्रिंटर आणि फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआरही त्याच वाय-फायवर होते. तिचा लॅपटॉप आमच्या बाजूने दिसत होता, तेही तितकंच वाईट. भाडं देणाऱ्या माणसाचं खासगीपण जपणं घरमालकाचं काम आहे.

दुसरा राउटर लावला म्हणजे नेट वेगळं होत नाही

मग बर्डीच्या बाजारातून एक राउटर येतो. खालच्या राउटरच्या लॅन पोर्टातून (उपकरणं जोडायच्या खाचेतून) वायर काढून वरच्याच्या वॅन पोर्टात (नेट आत घ्यायच्या खाचेत) लावली जाते. मीही हे करून वर्षभर निर्धास्त होते. पण अशा जोडणीत आडोसा एकाच बाजूने होतो. वरच्यांची उपकरणं आपल्याला दिसत नाहीत. त्यांचं सगळं जाणं-येणं मात्र आपल्या नेटवर्कमधून होतं, म्हणून वरून आपल्या डीव्हीआरपर्यंत पोचता येतं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. मोबाइल वरच्या वाय-फायला जोडा आणि ब्राउझरमध्ये खालच्या राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो. खालच्या राउटरचं लॉगिनचं पान उघडलं, तर नेट वेगळं झालेलं नाही.

यावर दोन उपाय आहेत. सोपा उपाय म्हणजे मुख्य, म्हणजे खालच्या राउटरमधलं गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय) सुरू करणं, आणि पाहुण्यांना घरच्या नेटवर्कमध्ये शिरू देणारा पर्याय बंद ठेवणं. वर सिग्नल पोचत नाही म्हणून दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (फक्त खालचंच नेटवर्क वर पोचवणारा म्हणून) लावला असेल, तर त्याच्या गेस्ट नेटवर्कवर विसंबू नका. त्या मोडमध्ये ही आडकाठी अनेक राउटरांत चालतच नाही. मघाची तपासणी पुन्हा करा. पक्का उपाय असा, की फायबर कंपनीच्या डबीचं (जिच्यात बाहेरून नेटची वायर येते तिचं) वाय-फाय बंद करून तिच्या दोन लॅन पोर्टांना दोन राउटर लावायचे, एक आपला आणि एक भाडेकरूंचा. आपली सगळी उपकरणं आपल्या राउटरमागे न्यायची, डीव्हीआरसुद्धा, नाहीतर तो थेट डबीला चिकटलेला राहतो. काही ऑनलाइन गेमना ही डबीमागे राउटर अशी दुहेरी मांडणी चालत नाही, हे भाडेकरूला आधीच सांगा.

"वाय-फाय दिसतं, पण नेट नाही"

ही तक्रार आली की आधी पत्ते बघा. डबी आणि राउटर दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर गोंधळ होतो. एका राउटरचा १९२.१६८.२.१ करा, दुसऱ्याचा १९२.१६८.३.१. वायर चुकून लॅनमधून लॅनमध्ये गेली असेल, तर दोन राउटर एकाच वेळी उपकरणांना पत्ते वाटतात. मग एकाचं नेट चालतं, दुसऱ्याचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी उलटं होतं.

प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि वर मिळतात ९४ किंवा ९५, असं असेल तर कंपनीला फोन करू नका. राउटरचा पोर्ट जुना, १०० एमबीपीएसवाला असेल, किंवा वायरच्या ८ तारांपैकी एखादी क्लिपमध्ये नीट बसलेली नसेल. वायर पूर्ण तांब्याचीच घ्या. स्लॅबमधून वाय-फाय वर चढेल अशी आशा करू नका, वायरच न्या. राउटर खिडकीतल्या कूलरच्या मागे ठेवू नका, कारण पत्रा आणि पाणी दोन्ही सिग्नल अडवतात.

आमची सगळ्यात महागात पडलेली चूक उन्हाची होती. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपलं नागपूर मे महिन्यात ४५ च्या पुढे जातं. आम्ही वरचा राउटर गच्चीच्या जिन्यात, टिनाच्या छताखाली ठोकला होता. रोज दुपारी नेट बंद व्हायचं. कंपनीचा मुलगा तीनदा आला, तिन्ही वेळा सकाळी, आणि तेव्हा सगळं ठीक असायचं. वर मिहान या उद्योगक्षेत्रातली नोकरी घरून करणारा मुलगा होता. त्याच्या मीटिंग तुटायच्या आणि आम्ही त्यालाच लॅपटॉप तपासायला सांगत होतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, एका दुपारी मी राउटरला हात लावला तर चटका बसला. खोलीत पंख्याखाली आणल्यावर तक्रार थांबली. पुढच्या जूनमध्ये वीज कडाडली आणि भिंतीबाहेरून नेलेल्या तांब्याच्या वायरमुळे राउटरचा पोर्ट जळाला. आता ती वायर आतल्या जिन्याने जाते. लाइट गेल्यावर नेट हवं असेल तर राउटर आणि फायबरची डबी दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. एकच घेतलं तर उपयोग नाही.

कनेक्शन कोणाच्या नावावर?

भाडेकरू अकरा महिने राहणार असेल, तर माझ्या मते त्याने स्वतःच्या नावाने कनेक्शन घ्यावं. ऑनलाइन काही गैरप्रकार झाला तर चौकशी आधी कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे येते. कंपनी पत्त्याचा पुरावा मागते, तेव्हा भाडेकराराची प्रत द्यायला टाळाटाळ करू नका. वायर कुठून येणार आणि भोक कुठे पडणार, हे आधी ठरवा. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४९९ चा प्लॅन ५८९ च्या घरात जातो. स्वतःचं कनेक्शन वाटून भाडेकरूकडून पैसे घेणार असाल तर प्लॅनच्या अटी वाचा. घरगुती कनेक्शन पुढे विकायला सहसा मनाई असते.

खोली रिकामी होते त्या दिवशी गेस्टचा पासवर्ड बदला आणि वरचा राउटर रिसेट करा. भाडेकरूच्या नावाची डबी भिंतीवर राहिली असेल, तर त्याला लगेच फोन करून सांगा. कंपनीने अनामत घेतली असेल, तर डबी परत दिल्याशिवाय ती सहसा सुटत नाही.