कमान उभी राहण्याआधी

नेरूळच्या आमच्या सोसायटीत यंदा गणपतीच्या कमानीला ६०० पिक्सेल (लाल-हिरवा-निळा मिसळून हवा तो रंग देणारे छोटे एलईडी दिवे) लागणार आहेत, ५०-५० च्या १२ माळा. कुठल्या गाण्यावर कुठला रंग, यावर ग्रुपवर रोज वादावादी चालते. तारांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून ही यादी.

आधी कागद-पेन घेऊन करंट मोजा. ५ व्होल्टचा पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर खातो. म्हणजे माळेला ३ अँपिअर, बारा माळांना ३६. वॅटमध्ये हे जेमतेम १८०, आणि २३० व्होल्टच्या सॉकेटवर अंदाजे एक अँपिअर. म्हणून तर वायरमन ‘एवढंसंच ना’ म्हणून निघून जातो. त्याच्या बाजूने तो बरोबरच आहे. पण एसएमपीएसच्या (२३० व्होल्टचे ५ व्होल्ट करणाऱ्या पॉवर सप्लायच्या) अलीकडे, आपल्या बाजूला, दोन किलोवॅटचा गीझर ओढतो त्याच्या चौपट करंट आहे. ५ व्होल्टचा शॉक बसत नाही, हे खरं. जळायला मात्र तेवढे पुरतात.

हे मी गेल्या वर्षी स्वतःच्या हाताने सिद्ध केलं. तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी कमानीची डावी बाजू लालसर दिसायला लागली. आम्ही लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम तपासत बसलो. शेवटी एसएमपीएसचा डबा उघडला तर जळक्या प्लास्टिकचा भपकारा, आणि निगेटिव्हच्या स्क्रूभोवतीची पट्टी काळीठिक्कर. घाईत मी तारेच्या केसरांना नुसता पीळ देऊन ती स्क्रूखाली दाबली होती. ढिल्या जोडात एकदशांश ओहम जरी आला, तरी १५ अँपिअरला तिथे २२ वॅटची उष्णता होते. सोल्डरिंगची छोटी इस्त्रीच म्हणा ना. व्होल्टेज पडलं की निळा-हिरवा आधी मंदावतो, कारण त्यांना लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पांढरा लालसर दिसला की प्रोग्रॅमला नंतर बघा, आधी जोडाला हात लावा, तोही मेन बंद करून.

तेव्हा यंदा तारेच्या प्रत्येक टोकाला थिंबल (टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी), नीट पक्कड मारून. स्क्रू आवळल्यावर तार ओढून बघा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा. टेप गुंडाळून केलेला जोड चालणार नाही.

५ व्होल्ट ४० अँपिअरचे दोन एसएमपीएस घ्या, प्रत्येकावर सहा माळा; निम्म्याहून कमी भारावर ते थंड राहतात. दोघांचे निगेटिव्ह जोडा, पॉझिटिव्ह मात्र कधीही नाही. बाजूला २३०/११५ चा छोटा स्विच असेल तर तो २३० वरच आहे ना, हे चालू करण्याआधी बघा. एसएमपीएस कमानीच्या पायाशीच ठेवा. ५ मीटर लांबून दीड चौरस मिलिमीटरच्या तारेने दोन माळांना पॉवर नेली, तर जाता-येता पाऊण व्होल्ट रस्त्यातच संपतो. माळेला माळ जोडत नेऊ नका. प्रत्येक माळेच्या सुरुवातीला नवी पॉवर द्या.

प्रत्येक माळेला ५ अँपिअरचा फ्यूज, गाडीत असतो तो चपटा, आणि एसएमपीएसला लागूनच. बारीक तार मध्येच शॉर्ट झाली तर ४० अँपिअरच्या एसएमपीएसला ती साधा लोड वाटते. तो बंद पडायचा नाही, तार लाल होईपर्यंत करंट देत राहील. ब्राइटनेस ३० टक्क्यांवर ठेवाच, डोळ्यांनाही बरं. पण ती सॉफ्टवेअरची मर्यादा, तिच्या भरवशावर फ्यूज गाळू नका.

डेटाचं, म्हणजे रंगांच्या सिग्नलचं, थोडक्यात: माळेवरचा बाण बघून दिशा लावा, कंट्रोलरचा (माळांना रंग सांगणाऱ्या ईएसपी३२ बोर्डाचा) ग्राउंड एसएमपीएसच्या निगेटिव्हला जोडा, त्याचा ३.३ व्होल्टचा सिग्नल लेव्हल शिफ्टरमधून (सिग्नलचं व्होल्टेज वाढवणाऱ्या छोट्या चिपमधून) ५ वर आणा.

२३० व्होल्टची बाजू वायरमनकडूनच. तीन पिनांचा प्लग, खरं अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), आणि त्यावरचं टेस्ट बटण आपल्यासमोर दाबून दाखवायला सांगा. मांडवाचे लोखंडी खांबही अर्थ करून घ्या. पाऊस गणपतीतही असतोच आणि खाडीच्या हवेत उघडं तांबं लवकर हिरवं पडतं. एसएमपीएस जमिनीपासून वीतभर वर, हवा खेळेल अशा पावसाळी डब्यात ठेवा, आणि तार डब्यात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. डब्याजवळ झालरी आणि हार नकोत.

सगळं झालं की आदल्या संध्याकाळी पूर्ण पांढरा लावून तासभर तसंच ठेवा, मग मेन बंद करून प्रत्येक जोड चाचपा. हाताला चटका बसणारा जोड उघडून पुन्हा करा. रात्रीच्या आरतीनंतर मेन बंद करणाऱ्यांची नावं नोटीस बोर्डावर लावायची आहेत. पहिली रात्र मी घेतो.