आषाढीला झिनिया पेरा, गुलाबाईला फुलं घ्या

खान्देशात झिनिया लावायची तर आधी माती बघायची, बियाण्याचं नंतर. हे मूळचं मेक्सिकोचं फुलझाड. आपल्याकडचं ऊन ते सोसतं, पण मुळाशी पाणी साचलेलं त्याला खपत नाही, आणि आपली कपाशीची काळी जमीन तर पाणी धरून बसते. म्हणून मे महिन्यात, जमीन भेगाळलेली असतानाच वाफ्याचं काम उरकून घ्या. एकदा पाऊस पडला की तीच माती खुरप्याला चिकटायला लागते.

निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा धरा. वीतभर खोल खणा, ढेकळं फोडा, कुजलेलं शेणखत आणि नदीची वाळू मिसळा आणि वाफा अर्धा फूट उंच ठेवा. एका वर्षी मी सपाट जमिनीतच बी टाकलं. जुलैत तीन दिवस झड लागली, रोपं खालून पिवळी पडली. एक उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी आणि बोटाला मऊ लागली. त्यानंतर गादीवाफ्याशिवाय मी झिनिया लावलेली नाही. गच्चीवर लावणार असाल तर दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू, आणि कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा. युरिया अजिबात नको, नुसती पानं माजतात.

मृग लागला म्हणून घाई करू नका. पेरल्यापासून पहिलं फूल यायला साधारण ६० ते ७० दिवस लागतात, तेव्हा सणापासून मागे मोजायचं. आमच्या जळगावकडे भाद्रपदी पौर्णिमेला गुलाबाई, म्हणजे मुलींचा महिनाभराचा गाण्यांचा सण, बसते. आषाढी एकादशीच्या मागेपुढे पेरलेली झिनिया नेमकी तेव्हा फुलायला लागते आणि कोजागिरीपर्यंत मुलींना रोज ताजी फुलं पुरवते. माझ्या लेखी झिनिया लावायचं याहून चांगलं निमित्त नाही.

बी जागेवरच टोबा. मुळं हलवलेली तिला आवडत नाहीत, उपटून लावलेलं रोप बरेच दिवस रुसून बसतं. पाव इंच खोल पुरेसं आहे. चार ते सात दिवसांत उगवण होते, पण पावसानंतर कडक ऊन पडलं की काळ्या मातीवर पपडी धरते आणि कोवळा कोंब खालीच वाकडा होतो. म्हणून बियांवर माती न टाकता चाळलेलं शेणखत भुरभुरवा. झारी बारीक छिद्रांची घ्या. रोपं चार बोटं झाली की विरळणी करा: उंच जातीत फूटभर अंतर, बुटक्या जातीत वीतभर. चांगली रोपं उपटायला जीव होत नाही, पण दाटी झाली की पानांत हवा खेळत नाही आणि ऑक्टोबरच्या दवात पिठासारखी पांढरी भुरी पसरते. पाणी सकाळी आणि बुंध्याशीच घाला. भुरी दिसलीच तर खालची पानं काढून टाका आणि पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की वरचा शेंडा खुडा, प्रत्येक पानाच्या बेचक्यातून फांदी फुटते. पहिलं फूल त्यामुळे आठवडाभर लांबतं, तेवढी पेरणी आधी धरा. उंच जातींना आधार लागतो. त्यासाठी गेल्या हंगामाच्या चार-सहा पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, बाजूला ठेवा, पण त्यांवरची बोंडं तोडून जाळा, त्यांत बोंडअळी दडलेली असते.

फूल तोडायला घाई नको, कारण कच्चं तोडलेलं फूल पाण्यात ठेवूनही उमलत नाही. फुलाच्या वीतभर खाली देठ धरून हलवा. मान लटकली तर दोन दिवस थांबा, ताठ राहिली तर पानांच्या जोडीच्या वर कापा, तिथूनच दोन नव्या फांद्या निघतात. सुकलेली फुलंही खुडत राहा. कोजागिरी झाली की मात्र सगळ्यात ठसठशीत दोन-तीन फुलं झाडावरच पूर्ण वाळू द्या. पाकळ्या चुरल्या की बुडाशी बाणाच्या टोकासारखं चपटं बी सापडतं. ते सावलीत सुकवून कागदाच्या पुडीत बांधा आणि पुडीवर फुलाचा रंग लिहून ठेवा.